परदेशात पोट बिघडलं तर काय करायचं: मालवणात बॅग भरण्यापासून परत घरी येईपर्यंत

आमचं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे, त्यामुळे फिरायला आलेल्या माणसाचं पोट बिघडलं की त्याची काय अवस्था होते हे दरवर्षी बघतो. मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी येतात, दोन दिवस सुरमई, तिसऱ्या, वडे-सागोती, वर कडक ऊन, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दारावर टकटक, "ताई, लूज मोशनची गोळी आहे का?" सगळे गोळीच मागतात. इतक्या वर्षांत मीठ-साखरेचं पाणी कुणी आपणहून मागितल्याचं मला आठवत नाही.

पावसात इथे बोटी आणि वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, म्हणून आमची फिरायला जायची वेळ म्हणजे जून. एका जूनमध्ये आम्ही बालीला गेलो होतो, मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि 68 वर्षांच्या सासूबाई. तिथे उतरल्यावर सगळं इतकं आपल्यासारखं दिसतं, माड, भातशेती, मासे, भात, की आपण गाफील होतो. चौथ्या रात्री दोन वाजता सासूबाईंना जुलाब सुरू झाले. त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत जे केलं, जे चुकता चुकता राहिलं, आणि नंतर आमच्या डॉक्टरांना विचारून जे पक्कं करून घेतलं ते सगळं इथे लिहितेय. एकच गोष्ट आधी सांगून ठेवते, जुलाब थांबवायच्या मागे लागायचं नाही, अंगातलं पाणी सांभाळायचं. बहुतेकांचा त्रास तीन ते पाच दिवसांत आपोआप कमी होतो, पण तोवर शरीर सुकू द्यायचं नाही हे काम आपलं.

निघायच्या आधी, घरी असतानाच

घरात बीपी, शुगर, किडनी किंवा हार्टची औषधं घेणारं कुणी असेल तर निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरकडे जाऊन एक प्रश्न नक्की विचारा, "जुलाब-उलट्या लागल्या तर यातली कुठली गोळी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची?" लघवी जास्त व्हायची गोळी, बीपीच्या काही गोळ्या, शुगरच्या काही गोळ्या या अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला त्रास देऊ शकतात किंवा बीपी फारच खाली आणू शकतात. स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि डोळे मिटून चालूही ठेवायच्या नाहीत. डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता मला हा कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

मग एक वेगळा पाऊच करा, जो विमानात हातातल्या बॅगेत राहील. त्यात ओआरएसची एक लिटरवाली पाकिटं माणशी तीन तरी, थर्मामीटर, पॅरासिटामॉल, जुलाब रोखणाऱ्या लोपेरामाइडची एक स्ट्रिप (ही कुणी आणि कधी घ्यायची ते खाली सांगते), उलटीची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली, मूल बरोबर असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारून झिंकचं औषध, साबणाच्या कागदी पट्ट्या, एक छोटा चमचा. आणि एक लिटरची खूण असलेली बाटली, ही विसरू नका, कारण खाली कळेलच. गोळ्या सुट्या डबीत भरू नका, मूळ स्ट्रिपमध्येच असू द्या आणि बरोबर प्रिस्क्रिप्शन ठेवा, काही देशांत विमानतळावर औषधं तपासतात.

खाण्याचं म्हणाल तर मेतकूट आणि थोडी आमसुलं मी कायम नेते. पण देश बघून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते, नाहीतर मोठा दंड. आणि दुबईला जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिथे ती बंदी असलेल्या वस्तूंत येते, म्हणजे दिवाळीचे अनारसेसुद्धा घरीच ठेवा. भावाला भेटायला जाताना डबा भरून अनारसे नेणारी माणसं आपल्याकडे आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

ट्रॅव्हल इन्शुरन्सचा मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून पाऊचमध्येच ठेवा. मोबाइल बंद पडला की पॉलिसीची पीडीएफ काही कामाची नाही.

तिथे खाताना

यावर लोक खूप लिहितात म्हणून मी थोडक्यात आटपते. गरमागरम समोर शिजवलेलं खा, सील असलेलं पाणी प्या, दातसुद्धा त्याच पाण्याने घासा, फळ स्वतः सोलून खा. आमचं कुठे चुकलं असेल तर तिथल्या कच्च्या सांबाळमध्ये, ज्याला सांबाळ माताह म्हणतात. कांदा, मिरची, गवती चहाचा दांडा बारीक चिरून वर तेल घातलेलं, न शिजवलेलं. सासूबाईंना आपल्या घरच्या मिरची-कांद्यासारखं वाटलं, दोनदा मागून घेतलं. टेबलावर उघडं किती वेळ होतं कुणास ठाऊक.

माशांबद्दल मात्र आपण कोकणातल्या लोकांनी जरा जास्त सावध राहायला हवं, कारण आपल्याला वाटतं मासा आपल्याला कळतो. जेट्टीवर आपण डोळे बघतो, गालफडाची लाली बघतो, बोटाने दाबून बघतो. पण तव्यावरून शिजून आलेला मासा आधी किती तास बर्फाशिवाय पडून होता हे कुणालाच कळत नाही. बांगडा, कुपा या जातीच्या माशांत तसं झालं की हिस्टामिन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं, आणि ते कितीही तळा, भाजा, उकळा, जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, धडधडतं, पोट बिघडतं. माणूस घाबरतो, वाटतं आपल्याला माशांची अ‍ॅलर्जी झाली. बऱ्याचदा ती अ‍ॅलर्जी नसते, पण घरी बसून ठरवायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं, आणि श्वास लागत असेल किंवा जीभ-ओठ सुजत असतील तर एक मिनिट न घालवता. आणि कालवं कच्ची खाऊ नका, लिंबू पिळून दिली म्हणून ती शिजत नाहीत. कालवं समुद्राचं पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते त्यांच्यात साठतं. आपण घरी ती उगाच नाही शिजवून खात.

सुरू झालं, आता पहिले सहा तास

चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ झालं की जुलाब समजा आणि कामाला लागा.

मी आधी मोबाइलच्या नोट्समध्ये वेळ लिहायला सुरुवात केली. 2.05, 2.30, 3.10 असं. समोर किती ग्लास प्यायल्या, लघवी झाली का, ताप किती. हे वेडेपणाचं वाटतं पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरने पहिला प्रश्न तोच विचारला, कितीदा आणि लघवी शेवटची कधी झाली, आणि रात्रभर जागलेल्या माणसाला ते आठवत नाही.

मग ओआरएस. इथे माझी चूक होता होता राहिली. आपलं पाकीट एक लिटरचं. हॉटेलच्या खोलीत ठेवलेली पाण्याची बाटली 600 मिलीची. झोपेत मी पाकीट फाडून त्या बाटलीत ओतायला गेले, नवऱ्याने हात धरला. कमी पाण्यात पूर्ण पाकीट घातलं तर मीठ जास्त होतं, आणि ते म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला धोक्याचं आहे. उलट काही लोक चवीला बरं लागावं म्हणून अर्धंच पाकीट घालतात, तेही चूक. तिथल्या दुकानात मिळणारं ओआरएस, ज्याला ते ओरालित म्हणतात, ते पाकीट 200 मिलीचं असतं. म्हणजे तिथलं पाकीट एका ग्लासात आणि आपलं पाकीट एका लिटरात. उलटापालट करू नका. पाकिटावर आकडा लिहिलेला असतो, तो चष्मा लावून वाचा आणि मगच पाणी मोजा. म्हणून ती खूण असलेली बाटली.

ओआरएस का, नुसतं पाणी का नाही, हे आमच्या सासऱ्यांनी फोनवर विचारलं होतं. जुलाबात आतड्यातून पाणी आणि क्षार दोन्ही जातात. नुसतं पाणी प्यायलं तर क्षार परत येत नाहीत. पण मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र असलं की आतडं ते दोन्ही जोडीने आत ओढतं आणि त्यांच्यामागून पाणी आत येतं, जुलाब चालू असले तरीही. म्हणून ते प्रमाण महत्त्वाचं. एक लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, सायट्रेट 2.9 ग्रॅम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला. याची ताकद जगाला दाखवणाऱ्यांत आपलेच एक डॉक्टर होते, दिलीप महालनबीस. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून माणसं वाचवली. 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. असं औषध आपल्याकडे कुठल्याही मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळतं आणि आपण ते न्यायला विसरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शुगर असलेले लोक ओआरएसला घाबरतात. लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज म्हणजे गोड सरबतापेक्षा खूपच कमी, जुलाबात ते टाळण्यापेक्षा घेणं सुरक्षित, फक्त शुगर तपासत राहा.

कसं पाजायचं: मोठ्या माणसाला प्रत्येक जुलाबानंतर एक ते दोन ग्लास, आणि मधेमधे तहान लागेल तेवढं. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी 100 ते 200 मिली, दोन वर्षांच्या आतल्याला 50 ते 100 मिली, आणि आईचं दूध चालूच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याने, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. गटागटा पाजलं की उलटी होते आणि लोक म्हणतात हिला पाणीच पचत नाही. सासूबाईंना मी पहाटे तीन ते साडेचार चमच्याने पाजत बसले होते, दिवा मंद करून, त्या डोळे मिटून तोंड उघडायच्या. साडेचारनंतर स्वतः ग्लास धरून प्यायल्या. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून नवीन करा.

पाकीट नसेलच तर एक लिटर चांगल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, शिगोशीग नाही, सपाट.

शहाळं, सोलकढी आणि टेट्रापॅक

हे आपल्या लोकांसाठी खास. बालीत शहाळी जागोजागी, केलापा मुदा म्हणतात. शहाळं चांगलंच, पण ते ओआरएसची जागा घेत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी, आणि जुलाबात जे जातं त्यात सोडियम मुख्य. म्हणून ओआरएस चालू ठेवून वरून शहाळं, तेही समोर फोडलेलं, आधी फोडून बर्फात ठेवलेलं नको. किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय शहाळं नको. सोलकढी पहिले दोन दिवस नको, नारळाच्या दुधातली चरबी त्या वेळी पोटाला जड जाते, साधं आमसुलाचं पाणी मीठ घालून घोटभर चालेल. पोकारी स्वेटसारखी घामासाठीची पेयं तिथे सगळीकडे मिळतात, त्यात सोडियम ओआरएसच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस तर जुलाब वाढवतात, साखर आतड्यात पाणी ओढते. आपल्याकडेही गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या आपल्या अन्नसुरक्षा संस्थेने ते नाव वापरायला मनाई केली. तरी बॅग भरताना पाकिटामागचा मजकूर वाचून घ्या.

पेज मागा, तिथे ती मिळते

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "माका काय्येक नको, जरा पेज दी गो." मी म्हटलं इथे कुठून आणू पेज. रिसेप्शनवरच्या मुलीला खुणेने सांगितलं, भात, पाणी, आजारी, तर ती लगेच म्हणाली "बुबुर!" आणि अर्ध्या तासात वाडगा आला. अगदी आपल्या मऊभातासारखा, वाफाळता. बुबुर आयाम म्हणजे चिकन घातलेला, आपल्याला हवा तो बुबुर पोलोस, साधा. वर मीठ आणि चिमूटभर मेतकूट घातलं, त्यांनी चार चमचे खाल्ले आणि झोपल्या. थायलंडमध्ये याला जोक किंवा खाओ तोम म्हणतात, व्हिएतनाममध्ये चाओ. आशियात जवळपास सगळीकडे आजारी माणसाला भाताची पेजच देतात, फक्त नाव माहीत हवं.

युरोपात वगैरे मिळाली नाही तर एक युक्ती आहे. रुंद तोंडाचा थर्मास न्या, कुठूनही साधा शिजलेला गरम भात आणा, थर्मासमध्ये तीन-चार चमचे भात, वर केटलमधलं उकळतं पाणी काठोकाठ, झाकण घट्ट, तासाभराने ढवळून मीठ घाला. भात मात्र ताजाच घ्या, बाहेर पडून राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात की त्यांचं विष परत गरम केल्यानेही जात नाही.

उपाशी ठेवू नका. भूक लागली की पेज, केळं, उकडलेला बटाटा, टोस्ट, थोडं थोडं. दूध, आइस्क्रीम, तेलकट आणि मसालेदार चार-पाच दिवस नको. दूध पचवणारं आतड्याचं अस्तर तेव्हा दुखावलेलं असतं. दही बहुतेकांना चालतं.

गोळ्या

लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंद करते, जंतू मारत नाही. बस किंवा विमान गाठायचंच असेल तर धडधाकट मोठ्या माणसाने घ्यायची. आधी 2 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, नंतर प्रत्येक जुलाबानंतर एक, दिवसात चारपेक्षा जास्त नाही, आणि दोन दिवसांच्या पुढे नाही. ताप असेल, शौचात रक्त किंवा आव असेल तर अजिबात नाही, घाण आत अडकून राहते. मुलांना नाही. सासूबाईंना मी दिली नाही. हातात स्ट्रिप होती, नवरा दे म्हणत होता, मालवणात आईला फोन लावला तर ती म्हणाली, "गोळी रवांदे, आदी तिका पाणी दी."

अँटिबायोटिक स्वतःहून सुरू करू नका. आपल्याकडे नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची स्ट्रिप घराघरात असते, जुलाब झाले की दोन गोळ्या, ही सवय सोडायला हवी. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागतच नाही, आणि आग्नेय आशियात मिळणारे काही जंतू त्या जातीच्या औषधांना दादच देत नाहीत. फार आडगावी जाणार असाल तर निघायच्या आधी डॉक्टरकडून एक कोर्स आणि तो कधी सुरू करायचा ते लिहून घ्या. आणि गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर जोराच्या उलट्या-जुलाबात तिचा भरवसा धरू नका.

डॉक्टरकडे कधी

शौचात रक्त, 102 च्या वर ताप, घोटभर पाणीही टिकत नाही, आठ तास लघवी नाही किंवा अगदी गडद, उभं राहिलं की चक्कर, असंबद्ध बोलणं, पोटात एकाच जागी सतत दुखणं, भाताच्या पेजेसारखे पांढुरके धो धो जुलाब, यातलं काहीही एक असेल तर सकाळची वाट बघू नका. लहान मूल रडताना डोळ्यात पाणी येत नसेल, डोळे खोल गेले असतील, जीभ कोरडी असेल, मलूल पडलं असेल तर तसंच. गरोदर बाई, म्हातारी माणसं आणि तान्हं बाळ यांच्या बाबतीत लवकरच दाखवा. बाकीच्यांनी तीन दिवसांत उतार नाही तर.

सासूबाईंना आम्ही दुपारी क्लिनिकमध्ये नेलंच, कारण सकाळपासून लघवी नव्हती. टॅक्सीवाल्याला "रुमा साकित" म्हटलं की हॉस्पिटल, "आपोतेक" म्हणजे मेडिकल, "दिआरे" म्हणजे जुलाब, "सकित पेरुत" म्हणजे पोटदुखी, एवढे चार शब्द पाठ केले तरी पुरतात. अडचण मोठी असेल तर इंडोनेशियात इमर्जन्सी नंबर 112, थायलंडमध्ये अँब्युलन्स 1669 आणि टूरिस्ट पोलीस 1155.

निघताना इन्शुरन्सच्या नंबरवर फोन करा, अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच. ते सांगतील त्या हॉस्पिटलमध्ये गेलं तर कॅशलेस होण्याची शक्यता जास्त. डॉक्टरचा कागद, तपासणीचे रिपोर्ट, औषधाचं प्रत्येक बिल सही-शिक्क्यासकट घ्या, तिथल्या भाषेत असेल तर इंग्रजीत मागा. आम्ही मेडिकलचं एक बिल थर्मल कागदावरचं (मशिनमधून निघतं ते गुळगुळीत) घेतलं, महिनाभरात त्यावरची शाई उडाली. लगेच फोटो काढून ठेवला होता म्हणून वाचलं.

बाकीच्यांना लागू नये म्हणून

एकाच खोलीत चौघं असाल तर दुसरा लगेच पडतो. हात साबणाने धुवा, नुसता सॅनिटायझर नको, नोरोव्हायरस या जुलाब-उलट्यांच्या विषाणूवर तो फारसा चालत नाही. टॉवेल वेगळा. जेट स्प्रे नसलेल्या देशात रिकामी पाण्याची बाटली बाथरूममध्ये ठेवा, सारखं कागदाने पुसून सोलपटतं आणि तो त्रास जुलाबापेक्षा वाईट, व्हॅसलीन लावा.

आम्ही नुसा पेनिदा बेटावर जायची बोट रद्द केली, पैसे गेले. बोटीत हेलकावे, टॉयलेट नाही, उन्हात बसायचं, त्यापेक्षा गेलेले पैसे परवडले. सासूबाई आणि मुलगा दोन दिवस हॉटेलच्या व्हरांड्यात पत्ते खेळले.

परतीच्या विमानात मधल्या वाटेच्या कडेची सीट मागून घ्या, टॉयलेटजवळची, आणि ओआरएस पावडर हातातल्या बॅगेत ठेवा, पाणी सिक्युरिटीच्या पुढे गेल्यावर भरा. घरी आल्यावर दोन आठवड्यांनंतरही पोट चालत असेल, ढेकरा, गॅस, वजन कमी होत असेल तर शौचाची तपासणी करा, जिआर्डियासारखे परजीवी असे रेंगाळतात. आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की मी अमुक देशात जाऊन आलेय, अमुक तारखेला परतलेय. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड या तिघांची सुरुवात जुलाब-तापाने होऊ शकते, आणि जून-जुलैत आपल्याकडे कुणीही ताप म्हटलं की "पावसात भिजलात का" एवढंच विचारतात.